बाटलीत नेमकं किती? तंबाखूच्या अर्काची घरगुती क्रोमॅटोग्राफी

७ जानेवारीच्या रात्री ई-सिगारेटचे तीन झुरके घेतले आणि पाचव्या मिनिटाला मी न्हाणीघराच्या फरशीवर बसलो होतो. अंगाला गार घाम, तोंडाला पाणी सुटलेलं, छातीत धडधड. चौदा वर्षं सिगारेट ओढलेल्या माणसाला ही लक्षणं सांगावी लागत नाहीत. पहिल्या सिगारेटला असंच झालं होतं. निकोटिन जास्त झालं होतं, एवढं कळत होतं. किती जास्त, ते कळत नव्हतं, कारण बाटली मीच भरलेली होती आणि तिच्यावर चिकटपट्टी लावून 'ख' एवढंच लिहिलं होतं.

मागची गोष्ट थोडक्यात सांगतो. सिगारेट सोडून व्हेपवर, म्हणजे ई-सिगारेटवर आलो, बाजारातल्या गोड चवींचा कंटाळा आला, आणि कुठेतरी वाचून तंबाखूचं पान प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये (व्हेपच्या द्रवात असतो तोच चिकट द्रव) भिजत घालायला लागलो. २० ग्रॅम चुरलेलं पान, १०० मिली ग्लायकॉल, सहा आठवडे अंधारात, मग गाळून बाटलीत. 'क' बाटलीत व्हर्जिनिया पान होतं, 'ख'मध्ये रस्टिका, ही तंबाखूचीच दुसरी जात. वजन सारखं, दिवस सारखे, तेव्हा ताकदही सारखीच, असा माझा हिशेब. हिशेब कसला, आळसच तो.

त्यानंतरचे पाच महिने मी बाटलीत काय आहे ते शोधण्यात घालवले. हे करू पाहणाऱ्याला सगळ्यात जास्त त्रास रसायनशास्त्राचा होत नाही. कुठून सुरुवात करायची आणि कुठे थांबायचं हे कळत नाही, त्याचा होतो. म्हणून जसं घडलं तसं लिहितोय. असा अर्क ओढणं सुरक्षित आहे असं मला अजिबात म्हणायचं नाही. शिवाय व्हेपिंगचा कायदा देशागणिक वेगळा आहे, काही ठिकाणी सरळ बंदी आहे. तो आधी पाहून घ्या.

दुसऱ्या दिवशी ताईला फोन केला. ती रसायनशास्त्र शिकवते. आधी दोन मिनिटं बोलणी खाल्ली, ती इथे लिहीत नाही. मग ती म्हणाली, "तुला नक्की काय जाणून घ्यायचंय? निकोटिन आहे की नाही, किती आहे, की आणखी काय काय आहे? हे तीन वेगळे प्रश्न आहेत, आणि तिन्हींचा खर्च वेगळा."

"किती आहे ते."

"मग आधी कागदावर गणित कर. प्रयोग नंतर."

ते गणित मी दोन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं. साध्या तंबाखूच्या वाळलेल्या पानात निकोटिन साधारण १ ते ३ टक्के असतं. २ टक्के धरलं तर २० ग्रॅम पानात ४०० मिलिग्रॅम. सगळंच्या सगळं १०० मिलीत उतरलं तरी ४ मिग्रॅ प्रति मिली, त्याच्या वर जाऊच शकत नाही. रस्टिकाच्या पानात मात्र निकोटिन याच्या कितीतरी पट असू शकतं, काही पानांत ९ टक्क्यांपर्यंत. म्हणजे त्याच वजनाच्या पानातून 'ख'ची वरची मर्यादा १८ मिग्रॅ. हे आकडे वहीत मांडले तेव्हा न्हाणीघराची फरशी पुन्हा आठवली. कोणी नुसतं हे गणित करून थांबलं तरी अर्धं काम झालं.

पण मर्यादा कळली म्हणजे प्रत्यक्षात किती उतरलं ते कळलं असं नाही. त्यासाठी ताईने सुचवली ती थिन लेयर क्रोमॅटोग्राफी. शाळेत फिल्टर पेपरवर स्केचपेनचा ठिपका देऊन पाण्यात उभा केला की काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा वेगळे व्हायचे, तोच खेळ. फक्त कागदाऐवजी पातळ पत्र्यावर सिलिकाचा थर असतो, त्याला प्लेट म्हणतात. द्रावक वर चढत जातो. ज्या पदार्थाला सिलिकाची ओढ जास्त तो मागे रेंगाळतो, ज्याला द्रावकाची ओढ जास्त तो पुढे जातो.

१० जानेवारीला घरात होता तो फिल्टर पेपर वापरून एक प्रयत्न केला, निव्वळ उतावीळपणाने. तपकिरी ओघळ वर गेला आणि थांबला. दिसायला छान, कामाचं काहीच नाही. निकोटिन रंगहीन असतं हे मला माहीत होतं, पण डोळे तपकिरी डागालाच निकोटिन समजत राहिले. अर्काचा गडद रंग म्हणजे ताकद हा गैरसमज बहुतेकांचा असतो. रंग येतो तो पानातल्या पॉलिफेनॉलमुळे, शर्करेमुळे, आणि भिजताना होणाऱ्या ऑक्सिडेशनमुळे. माझा 'क' चहासारखा गडद होता आणि 'ख' त्याच्यापेक्षा फिकट.

आता खरेदी. इथे माझा जवळपास महिना गेला. लागणारी प्लेट म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरची सिलिका जेल ६० एफ २५४. यातला २५४ महत्त्वाचा, त्याकडे पुढे येतो. पहिल्या विक्रेत्याने अकरा दिवसांनी उत्तर दिलं की व्यक्तीला माल देत नाही, संस्थेचं पत्र लागेल. दुसऱ्याने अर्ज पाठवला. त्यात 'संस्थेचे नाव', 'प्रयोगशाळेचा पत्ता', 'अंतिम वापर' अशा ओळी. संस्थेच्या ओळीत मी 'वैयक्तिक' लिहिलं आणि अंतिम वापरात 'वनस्पती अर्कातील अल्कलॉइडची ओळख'. (अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं, निकोटिन त्यांतलंच एक.) तो अर्ज परत आला. ओळखपत्राची प्रत आणि सहीचं हमीपत्र जोडून पुन्हा पाठवला, तेव्हा मंजूर झाला. एक सूचना: 'अंतिम वापर' खरा लिहा पण पूर्ण लिहा. 'छंद' असा एका शब्दाचा उल्लेख वाचला की समोरच्याला शंका येते आणि अर्ज बाजूला पडतो.

प्लेटांचं पाकीट हा घरातला सगळ्यात मोठा खर्च. २० बाय २० सेंटिमीटरचे पत्रे येतात. एकातून ५ बाय १०च्या आठ पट्ट्या निघतात, म्हणून पाकीट महाग वाटलं तरी एका प्रयोगामागे खर्च फार येत नाही. कापायला साधी कात्री चालते, पण पत्र्याच्या बाजूने कापा. सिलिकाच्या बाजूने कापलं की कडेचा थर भुग्यासारखा झडतो आणि द्रावक कडेने वेडावाकडा चढतो. बाकीचं सामान म्हणजे २ मायक्रोलिटरच्या काचेच्या केशनलिका, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा, रुंद तोंडाची झाकणाची बरणी, नायट्राइलचे हातमोजे, इथाइल अ‍ॅसिटेट, मिथेनॉल, अमोनिया. पुस्तकी कृतींमध्ये क्लोरोफॉर्म फार असतो. तो मी आणलाच नाही. इथाइल अ‍ॅसिटेट, मिथेनॉल आणि तीव्र अमोनिया ८५:१०:५ या प्रमाणात अल्कलॉइडसाठी उत्तम चालतं. मिथेनॉलही विषारीच, तेव्हा सगळं काम गॅलरीत, दार लावून. घरातल्यांची अमोनियाच्या वासाची तक्रार शेवटपर्यंत होती.

८ फेब्रुवारीला पहिली खरी प्लेट. खालून १ सेंटिमीटरवर पेन्सिलीने हलकी रेघ. पेनने ओढली तर शाईच वर चढते. रेघेवर 'क'चा ठिपका दिला आणि बघत बसलो. ठिपका वाळेचना. दोन मिनिटांत पसरून नखाएवढा झाला. प्रोपिलीन ग्लायकॉल १८८ अंशाला उकळतं, ते गॅलरीतल्या वाऱ्याने कशाला उडेल? तरीही प्लेट बरणीत उभी केली. वीस मिनिटांनी बाहेर काढली तर ठिपक्याची शेपूट सुटलेली, धूमकेतूसारखी.

ताईला फोटो पाठवला. तिचं उत्तर एका ओळीचं: "पातळ कर आणि कमी घाल."

तेव्हापासूनचा माझा नियम असा: एक भाग अर्क, तीन भाग शुद्ध अल्कोहोल. त्यातले २ मायक्रोलिटर एकदम सोडायचे नाहीत. चार वेळा नुसतं टेकवायचं, मध्ये हेअर ड्रायरची थंड हवा द्यायची. गरम हवेने काम लवकर होतं, पण तिच्याबरोबर निकोटिनही थोडं उडतं, आणि मग आपण जे मोजायला बसलोय तेच कमी भरतं. ठिपका ३ मिलिमीटरच्या वर जाऊ द्यायचा नाही. माझा हात बसायला सात पट्ट्या लागल्या. त्या सातही पट्ट्या मी वहीत चिकटवल्यात. पहिली आणि सातवी शेजारी ठेवली की मला बरं वाटतं.

अर्कातून निकोटिन वेगळं काढून, आटवून मग प्लेटवर घालायचं अशाही कृती सापडतात. ठिपके त्याने नक्कीच सुबक येतात. पण त्या वाटेवर तुमच्या हातात तीव्र निकोटिन येतं. ते कातडीतून अंगात जातं आणि चूक झाली तर ती दुसऱ्यांदा करायला माणूस उरेलच असं नाही. घरात हे करू नये. ठिपका बेढब आला तर आला.

मग दिव्याची फजिती. निकोटिन दिसत नाही, पण अतिनील प्रकाश शोषतं, म्हणून अतिनील दिव्याखाली बघायचं असं वाचलं होतं. नोटा तपासायचा दिवा सहज मिळाला, तो आणला. १४ फेब्रुवारीला रात्री गॅलरीतला दिवा मालवून प्लेटवर तो धरला आणि तोंडातून "अरे वा" निघालं. 'क'च्या वाटेवर मध्याच्या खाली निळाशार ठिपका चमकत होता. अर्धा तास मी तेच निकोटिन समजून आनंदात होतो. ताईने आनंद टिकू दिला नाही. "तुझा दिवा ३६५ नॅनोमीटरचा आहे. निकोटिन असं चमकत नाही. तंबाखूच्या पानात स्कोपोलेटिन असतं, ते निळं चमकतं. निकोटिनसाठी २५४चा दिवा आण, म्हणून तर प्लेटच्या नावात २५४ आहे."

प्लेटमध्ये एक चमकणारं द्रव्य मिसळलेलं असतं. २५४ नॅनोमीटरच्या दिव्याखाली सगळी प्लेट हिरवी उजळते, आणि जिथे तो प्रकाश शोषणारा पदार्थ बसलेला असतो तिथे काळपट डाग दिसतो. म्हणजे चमकणारं शोधायचं नसतं, विझलेलं शोधायचं असतं. २५४चा दिवा यायला आणखी बारा दिवस गेले. हा प्रकाश डोळ्यांना आणि कातडीला इजा करतो, तेव्हा पॉलिकार्बोनेटचा चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि काही सेकंदांतच फोटो काढून दिवा बंद. प्लेट दिव्याखाली असतानाच डागाभोवती पेन्सिलीने गोल काढून ठेवायचा. दिवा गेला की डाग गेला.

२७ फेब्रुवारीला पहिल्यांदा निकोटिन पाहिलं. पाहिलं म्हणजे हिरव्या उजेडात एक काळसर ठिपका. द्रावक ८ सेंटिमीटर चढला होता, ठिपका ४.६वर. भागाकार ०.५८. याला आरएफ म्हणतात, म्हणजे पदार्थाने द्रावकाच्या तुलनेत किती अंतर कापलं. हा आकडा कोणाच्या तरी तक्त्यातून उचलून जुळवू नका. प्लेट, हवेतला दमटपणा, मिश्रणाचं वय, बरणीत वाफ किती भरली आहे, अशा सगळ्याने तो हलतो. बरणीच्या आत फिल्टर पेपर लावून, मिश्रण घालून, झाकण लावून पंधरा मिनिटं थांबलं की तो पुष्कळ स्थिर होतो. अमोनियाचं मिश्रण दर वेळी ताजं करायचं. अमोनिया उडून जातो, आणि तो नसला की सिलिकाच्या आम्लपणाला निकोटिन चिकटून राहतं आणि ठिपक्याऐवजी ओघळ उमटतो. एकदा शिळं मिश्रण वापरून एक अख्खी संध्याकाळ घालवली आहे.

त्या रात्री बरणीसमोर बसल्या बसल्या द्रावकाची ओली कड वर सरकताना बघत होतो. मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खडूच्या भुकटीच्या नळीतून पानांचा अर्क सोडला आणि हिरवे-पिवळे पट्टे वेगळे होताना पाहिले. १९०६मध्ये त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. त्स्वेत या शब्दाचा रशियन अर्थच मुळी रंग. मला मात्र शोधायचा होता तो पानातला बिनरंगाचा भाग.

ठिपका दिसला, पण तो निकोटिनचाच कशावरून? आणि किती? त्यासाठी ठाऊक ताकदीचं निकोटिन शेजारी घालून पाहायला हवं. मला वाटलं, सिगारेट सोडवायची २ मिलिग्रॅमची गोळी चघळतात, तिच्याइतकं प्रमाणित काय असणार! ३ मार्चला दोन गोळ्या बारीक करून अल्कोहोलमध्ये रात्रभर ठेवल्या. दुसऱ्या दिवशी प्लेटवर जवळजवळ काहीच नाही. पाकीट पुन्हा वाचलं, तेव्हा 'पोलाक्रिलेक्स' हा शब्द दिसला. गोळीत निकोटिन सुटं नसतंच, ते एका रेझिनला बांधलेलं असतं आणि लाळेतल्या क्षारांमुळे चघळता चघळता हळूहळू सुटतं. नुसत्या अल्कोहोलला ते कशाला दाद देईल? पाण्यात मीठ आणि सोडा घालून तुकडे चुरले तेव्हा ठिपका आला, 'क'च्या ठिपक्याच्याच उंचीवर. ओळख पटली. पण रेझिनमधून किती सुटलं याची खात्री नाही, म्हणून मोजायला ही वाट निरुपयोगी.

शेवटी प्रोपिलीन ग्लायकॉलमधलं बिनवासाचं, १८ मिग्रॅ प्रति मिली छापलेलं सीलबंद निकोटिन मागवलं. त्यासाठी वयाचा पुरावा आणि आणखी एक हमीपत्र. ते १६ मार्चला आलं. ४ ग्रॅम हे द्रावण आणि ५ ग्रॅम कोरं ग्लायकॉल मिसळलं की ८ मिग्रॅचं होतं. त्याचं निम्मं ४, त्याचं निम्मं २. सगळं वजनावर करा. ग्लायकॉल इतकं चिकट असतं की पिचकारीच्या भिंतीला राहिलेला थेंबच हिशेब बिघडवतो. आणि पातळ करायला ग्लायकॉलच वापरा, पाणी नको, म्हणजे प्रमाणातलं द्रावण आणि तुमचा अर्क प्लेटवर सारखेच वागतात. यानंतर तिन्ही द्रावणांनाही तोच एकास तीन अल्कोहोलचा नियम.

२२ मार्च, रविवार. एका पट्टीवर पाच ठिपके: २, ४, ८, क, ख. बावीस मिनिटं. दिवा लावला आणि पहिल्या नजरेतच उत्तर मिळालं. 'क'चा डाग २ आणि ४च्या मध्ये, दोनकडे झुकलेला. 'ख'चा डाग आठाच्याही पुढे, चांगला ठसठशीत. त्याच्या खाली आणखी एक फिकट ठिपकाही होता. तंबाखूत निकोटिनच्या कुळातली नॉरनिकोटिन, अ‍ॅनाबेसिन, अ‍ॅनाटाबिन अशी भावंडं असतात. त्यांचं प्रमाणित द्रावण माझ्याकडे नव्हतं, म्हणून वहीत 'अनोळखी, फिकट' एवढंच लिहिलं.

'ख' निम्मा करून पुन्हा घातला, तेव्हा तो ४ आणि ८च्या मध्ये बसला. मोबाइलने काढलेले फोटो इमेजजे या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून डागांचा काळेपणा मोजला. तीन पट्ट्यांची सरासरी: 'क' २.५, 'ख' १०. पट्टीपट्टीत आकडा पाचवा हिस्सा इकडेतिकडे होत होता, म्हणून दशांशाच्या पुढे जाण्यात अर्थ नव्हता. पण मला दशांश कुठे हवे होते? जी बाटली मी 'क'सारखी म्हणून ओढत होतो ती त्याच्या चौपट होती.

दिव्याशिवाय पडताळा घ्यायचा तर आयोडीन. स्फटिकरूप आयोडीन अनेक देशांत सुट्या माणसाला मिळत नाही, पण औषधांच्या दुकानात लुगोलचं द्रावण (पाण्यातलं आयोडीन) मिळतं, तेही अल्कलॉइडवर तपकिरी डाग उठवतं. मी प्लेट बरणीतून काढून तशीच ओली फवारायला निघालो होतो. ताई त्या दिवशी घरी आली होती. तिने माझा हातच धरला. "अमोनिया पूर्ण उडू दे आधी. अमोनिया आणि आयोडीन एकत्र आले की स्फोटक पदार्थ होतो, माहितीये?" नव्हतं माहीत. तेव्हापासून दोन्ही बाटल्या वेगवेगळ्या कपाटांत आहेत, आणि फवारण्याआधी प्लेट अर्धा तास वाऱ्यावर.

आणखी एक गोष्ट प्लेटने न विचारता सांगितली. 'क'च्या ठिपक्यात काहीतरी तपकिरी द्रव्य आरंभरेषेवरच ठाण मांडून बसत होतं, कोणत्याही मिश्रणात हलत नव्हतं. 'ख'मध्ये ते जवळजवळ नव्हतं. 'क' ओढताना माझ्या व्हेपमधली कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, दोन दिवसांत काळी पडायची, तिचं मूळ इथे सापडलं. गरम हवेवर सुकवलेल्या व्हर्जिनिया पानात शर्करा भरपूर राहते. ती या द्रावकात चढत नाही, आणि कॉइलवर जळून कोळसा होते. पडताळ्यासाठी शर्करा ओळखणाऱ्या बेनेडिक्टच्या द्रावणात 'क'चे चार थेंब घालून उकळत्या पाण्यात परीक्षानळी धरली. निळं हिरवं झालं, मग विटकरी, म्हणजे शर्करा भरपूर. 'ख'ला हिरवट झाक आली आणि तिथेच थांबलं. कॉइल बदलून बदलून थकलेल्यांनी हा पाच मिनिटांचा प्रयोग आधी करावा.

इथे थांबायला हरकत नव्हती. पण आपलं मोजणं कितपत बरोबर, ही रुखरुख राहिली, म्हणून दोन्ही नमुने व्यावसायिक प्रयोगशाळेत पाठवायचं ठरवलं. नमुन्याचा प्रकार विचारणाऱ्या यादीत खाद्य, औषध, पाणी, माती एवढंच. 'इतर'मध्ये 'प्रोपिलीन ग्लायकॉलमधील वनस्पती अर्क, निकोटिनयुक्त' लिहिलं. त्यांनी सुरक्षा माहितीपत्रक मागितलं. घरी केलेल्या अर्काचं माहितीपत्रक कोण देणार? निकोटिन आणि ग्लायकॉल दोन्हींची पत्रकं जोडून, अंदाजे ताकद लिहून, खाली सही केली, ते चाललं. अंदाजे ताकद लिहिता आली ती त्या पट्ट्यांमुळेच. पहिल्या कुरिअरने द्रव म्हणून पाकीट नाकारलं, दुसऱ्याने दुहेरी वेष्टणाच्या अटीवर घेतलं. १० मिलीच्या तपकिरी काचेच्या बाटल्या, झाकणाभोवती पट्टी, शोषक कागद, मग डबा. ९ एप्रिलला पाठवलं. दोन नमुन्यांची फी प्लेटांच्या पाकिटाहून जास्त पडली.

एकोणीस दिवस काहीच नाही. विसाव्या दिवशी चौकशी केली, तेव्हा कळलं की फी भरल्याची पावती अर्जाला जोडली गेली नव्हती आणि नमुने फडताळात तसेच होते. पावतीची प्रत अर्जाबरोबर आणि शिवाय वेगळ्या मेलनेही पाठवा, नमुना क्रमांक विषयात लिहून. १२ मे रोजी अहवाल आला. गॅस क्रोमॅटोग्राफी, निकोटिन: 'क' २.७, 'ख' ९.४ मिग्रॅ प्रति मिली. मी वही काढून माझे आकडे शेजारी लिहिले आणि थोडा वेळ नुसता बघत बसलो. ताईला फोटो पाठवला. तिने अंगठा दाखवला, आणि खाली लिहिलं, "आता नायट्रोसॅमिनचं विचार."

विचारलं. तंबाखूत सुकवताना आणि साठवताना जी विशिष्ट नायट्रोसॅमिनं तयार होतात, एनएनएन आणि एनएनके ही त्यांतली, त्यांचा कर्करोगाशी संबंध सिद्ध आहे. ती निकोटिनच्या तुलनेत इतकी कमी असतात की माझ्या प्लेटला त्यांचा पत्ताच लागत नाही. त्यांची चाचणी वेगळ्या यंत्रावर, फीही वेगळी, आधीच्या फीच्या कितीतरी पट. शिवाय प्लेटवर असतो तो द्रव. कॉइलवर तापल्यावर ग्लायकॉल आणि ग्लिसरीनपासून फॉर्माल्डिहाइड, अ‍ॅक्रोलिनसारखी जी द्रव्यं होतात, ती बाटलीत नसतातच, मग प्लेटवर कुठून दिसणार? ती फी मी भरली नाही. पण 'क'सुद्धा त्या दिवसानंतर ओढला नाही.

राहिली विल्हेवाट. निकोटिनचा द्रव मोरीत ओतायचा नाही. वापरलेली मिश्रणं, उरलेलं प्रमाणित द्रावण, दोन्ही बाटल्या, सगळं घट्ट झाकणांच्या बरण्यांत भरून ६ जूनला घातक कचरा संकलन केंद्रावर गेलो. हे केंद्र महिन्यातून दोनच दिवस घरगुती कचरा घेतं, वेळ आधी पाहून जा. तासभर रांग. माझ्या पुढच्याकडे जुन्या रंगाचे डबे होते.

खिडकीतल्या बाईंनी 'ख'ची बाटली उजेडात धरली. "यात काय आहे?"

"तंबाखूचा अर्क. प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये."

"तीव्रता? या रकान्यात लिहा. माहीत नसेल तर 'अज्ञात' लिहिलं तरी चालेल."

मी ९.४ लिहिलं. बाईंनी न वाचताच शिक्का मारला आणि पुढच्याला हाक दिली.